शंकूच्या छायेपासून पत्रिकेपर्यंत : राजारामपुरीतील एक अभ्यासवर्ग

मध्ययुगीन ज्योतिष आणि निसर्गविचार या विषयावर कोल्हापूरच्या राजारामपुरीत एक खासगी अभ्यासवर्ग रविवारी भरतो. फलज्योतिषाची टिंगलही नाही आणि जाहिरातही नाही, हा या वर्गाचा मोठा गुण. पहिल्याच तासाला एका गृहस्थांनी ‘सर, माझी पत्रिका बघता का?’ असे विचारले, तेव्हा ‘पत्रिका बघणार नाही, पण तिच्यातलं लग्न कसं काढतात ते दाखवतो,’ असे उत्तर मिळाले. (लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास.)

ते खरोखर दाखवलेही. विषुवदिनाजवळचा रविवार साधून गच्चीवर बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे छाया मोजण्याची उभी काठी, उभा केला होता. घड्याळात साडेबारा उलटून गेल्यावर कोल्हापूरचा खरा मध्यान्ह आला आणि सर्वांत आखूड छाया साडेतीन अंगुळांच्या किंचित पुढे भरली. हीच आपल्या गावाची पलभा. तिला दहा, आठ आणि दहाचा तिसरा हिस्सा यांनी गुणले की चरखंडे, म्हणजे अक्षांशामुळे राशींच्या उदयवेळेत पडणारे फरक, मिळतात व त्यांवरून राशींचे स्थानिक उदयमान, म्हणजे प्रत्येक रास उगवायला लागणारा वेळ, ठरते; लग्न त्यावरूनच काढतात. भविष्य सांगणाऱ्याला आधी गणित का यावे लागे, हे त्या उन्हात जितके पटले तितके एरवी पटले नसते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखाचे विवेचनही उत्तम झाले : भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला.

युरोपचा भाग मात्र उरकल्यासारखा वाटला. ग्रहांचा प्रभाव शरीरावर आणि त्याद्वारे वासनांवर पडतो, पण इच्छाशक्ती त्यांच्या थेट अधीन नसते, हे तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अ‍ॅक्विनासचे मत वक्त्यांनी नीट मांडले. परंतु १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली, त्यांत ग्रहांच्या सत्तेविषयीचीही काही का होती, या प्रश्नाला जेमतेम पाच मिनिटे मिळाली. अ‍ॅरिस्टॉटलच्या भौतिकीचा आधार देऊन ज्योतिषाला कार्यकारणाची चौकट पुरवणाऱ्या अबू मअशर या नवव्या शतकातील बगदादच्या ज्योतिषाचे, ज्याचे ग्रंथ लॅटिनमध्ये भाषांतरित झाले, तर नुसते नाव आले, आणि त्यामुळे हा सगळा वाद लॅटिन विद्यापीठांत कुठून शिरला हे नवख्या श्रोत्याला कळणे कठीण झाले.

टिपणांच्या झेरॉक्स प्रतींतील राशिचक्रे इतकी काळवंडलेली आहेत की अंश वाचता येत नाहीत. शुल्क घेतल्यावर एवढी काळजी अपेक्षित होती. दहावीच्या त्रिकोणमितीची उजळणी करून, वही आणि टोपी घेऊन जावे.