घराचा लिलाव टाळायचा आहे: चॅप्टर ७ की चॅप्टर १३?

अमेरिकेत गृहकर्जाचे हप्ते थकून घराच्या लिलावाची तारीख लागली, की दिवाळखोरीचा अर्ज करावा का, आणि चॅप्टर ७ व चॅप्टर १३ या त्याच्या दोन प्रकारांपैकी कोणता, हा प्रश्न उभा राहतो. फेडरल न्यायालयात असा अर्ज दाखल होताच ‘ऑटोमॅटिक स्टे’ ही स्थगिती आपोआप लागू होते आणि लिलाव उद्या सकाळी असला तरी तो थांबवावा लागतो. मात्र अर्जापूर्वीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्ज-समुपदेशन घेतलेले असावे लागते, आणि घाईगडबडीत नेमके तेच राहून जाते. येथवर चॅप्टर ७ आणि चॅप्टर १३ सारखेच आहेत. त्यांचे रस्ते वेगळे होतात ते यानंतर.

चॅप्टर ७ मध्ये क्रेडिट कार्ड, दवाखान्याची बिले अशी विनातारण देणी साधारण चार महिन्यांत माफ होतात, परंतु घराचे थकलेले हप्ते फेडण्याची कोणतीही सोय त्यात नाही. घरावरील बँकेचा बोजा कायम राहतो, स्थगिती उठवण्यासाठी बँक मध्येच अर्ज करू शकते, आणि तसे झाले नाही तरी देणी माफ होताच स्थगिती संपते. थकबाकीदारासाठी हे बहुधा आजचे मरण उद्यावर ढकलणेच ठरते. तरीही ज्याने घर सोडायचे मनाशी ठरवले आहे, त्याला सामान हलवायला अवधी मिळतो आणि लिलावात कर्जापेक्षा कमी रक्कम आली तरी उरलेल्या रकमेसाठी बँक त्याच्या मागे लागू शकत नाही. उलट घरात कर्ज वजा जाता बरीच रक्कम शिल्लक असेल, तर दिवाळखोरीचे प्रकरण पाहण्यासाठी नेमलेला ट्रस्टी स्वतःच ते विकायला काढू शकतो. घरातील जी रक्कम धनकोंपासून सुरक्षित राहते, ती फेडरल कायद्याची सूट १ एप्रिल २०२५ पासून माणशी ३१,५७५ डॉलर आहे. राज्यांच्या सवलती मात्र फार वेगवेगळ्या आहेत.

घर राखायचे असेल आणि दरमहा नियमित उत्पन्न असेल, तर माझ्या मते चॅप्टर १३ हाच खरा पर्याय आहे. यात थकबाकी तीन ते पाच वर्षांत विभागून फेडता येते आणि चालू हप्ता त्याच्या बरोबरीने भरावा लागतो. समजा, हप्ता २,४०० डॉलर आणि थकबाकी २४,००० डॉलर आहे. साठ महिन्यांत विभागल्यास महिन्याला ४०० डॉलर वाढतात, म्हणजे २,८०० झाले. त्यावर ट्रस्टीचे शुल्क, जे दहा टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि बहुधा वकिलाची फीही येते. योजनेचा पहिला भरणा अर्जानंतर ३० दिवसांतच सुरू होतो. पूर्वीचा हप्ताच झेपत नव्हता, तर हा कसा झेपणार, याचे उत्तर आधी कागदावर मांडावे, कारण राहत्या घराच्या मुख्य कर्जाचे मुद्दल किंवा व्याजदर न्यायालय सहसा कमी करत नाही. नोकरी गेली होती आणि आता पुन्हा लागली आहे, अशा कुटुंबाला ही योजना चपखल बसते. शिवाय पहिल्या कर्जाची बाकीच घराच्या किमतीहून जास्त असेल, तर दुसऱ्या तारणकर्जाचा बोजा चॅप्टर १३ मध्ये काढून टाकता येतो. चॅप्टर ७ मध्ये तशी मुभा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले.

आपल्या लोकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. अर्जात जगभरातील मालमत्ता शपथेवर नोंदवावी लागते. पुण्यातला फ्लॅट, एनआरई खाते (अनिवासी भारतीयांचे भारतातील बँक खाते), गावाकडच्या जमिनीतला हिस्सा, काहीच वगळता येत नाही. अर्जानंतर १८० दिवसांत वारसाहक्काने काही मिळाले तर तेही जाहीर करावे लागते. चॅप्टर ७ मध्ये ट्रस्टी अशा मालमत्तेवर हक्क सांगू शकतो. चॅप्टर १३ मध्ये ती आपल्याकडे राहू शकते, पण तिची किंमत धरून धनकोंना अधिक रक्कम द्यावी लागते. ‘तिकडचे इकडे कोणाला कळणार’ हा हिशेब गुन्ह्यापर्यंत नेऊ शकतो.

अर्ज पुन्हा पुन्हा करून लिलाव लांबवण्याची युक्तीही फार काळ चालत नाही. आधीचा अर्ज फेटाळला गेल्यावर वर्षाच्या आत दुसरा केल्यास स्थगिती न्यायालयाने वाढवली नाही तर ३० दिवसांतच संपते, आणि वर्षभरात दोन अर्ज फेटाळले गेले असतील तर तिसऱ्याला ती आपोआप मिळतच नाही. लिलाव कायदेशीररीत्या पार पडल्यावर चॅप्टर १३ मधून थकबाकी भरून घर परत मिळवण्याचा हक्कही सहसा उरत नाही. टेक्ससमध्ये असे लिलाव साधारणपणे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात, त्यामुळे तेथील घरमालकाने वकिलाची भेट आदल्या आठवड्यावर ठेवू नये.