आठवड्यातला एक तास की रोजची दहा मिनिटं?

मूल सावकाश शिकतं हे घरात एकदा मान्य झालं की पुढचं भांडण वेळापत्रकाचं असतं. मदत द्यायची यावर सगळ्यांचं एकमत असतं. ती कुणी द्यायची आणि कधी, यावर दोन तट पडतात. आमच्याकडे पडले होते. मुलीची आई म्हणत होती, रोज घरीच थोडं थोडं घेऊ. मी म्हणत होतो, विशेष शिक्षिकेकडे नेऊ, ते त्यांचं काम आहे, आपण कशाला लुडबुड करायची? आधी माझं ऐकलं गेलं. आठ महिने आठवड्याला एक तास बाईंकडे, आणि नंतरचे दहा महिने रोज दहा मिनिटं घरी, असं दोन्ही करून झालं. ज्यांच्या घरी हा वाद सध्या रंगात आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कान आणि डोळे तपासून झालेत असं मी धरून चालतो. झाले नसतील तर आधी ते करा. वारंवारच्या सर्दीने कानात पाणी साठून राहिलं तरी मूल ‘मंद’ वाटू शकतं, आणि त्यावर कुठल्याच वेळापत्रकाचा इलाज नाही.

आमची धाकटी बुद्ध्यांकाच्या (आयक्यू) चाचणीत ७० ते ८५ च्या दरम्यान आली. सामान्य वितरणाच्या गणितानं १०० मधली १३-१४ मुलं या पट्ट्यात येतात, म्हणजे ४० जणांच्या वर्गात पाचेक तरी. तरीही तो कागद हातात आला तेव्हा जगात आपलीच एक, असं वाटलं होतं. आल्फ्रेड बिने आणि थिओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली ती जास्तीची मदत कुणाला लागेल हे शोधायला. कुणाच्या कपाळावर आकडा गोंदायला नव्हे. हे मला फार उशिरा कळलं. असो.

बाईंबद्दल आधी सांगतो, कारण त्यांचं ऋण आहे. आमची लेक २७ लिहायला सांगितलं की ७२ लिहायची. मी पाच महिने हे दुरुस्त करत होतो. खोडरबर, पुन्हा लिही, पुन्हा खोडरबर. बाईंनी पहिल्याच तासाला दहा मिनिटं तिच्या हाताकडे नुसतं पाहिलं आणि मला आत बोलावून म्हणाल्या, “तिचं चुकत नाहीये हो. ती ऐकलं तसं लिहितेय.” सत्तावीस म्हटलं की कानावर आधी सात पडतो, मग वीस. पोरगी इमानदारीत आधी ७ लिहायची, मग २. मराठीत एकक आधी बोलायचा आणि दशक आधी लिहायचा, हा उलटा व्यवहार आपल्याला इतका अंगवळणी पडलाय की तो उलटा आहे हेच विसरायला होतं. (जर्मन भाषेतही असंच आहे, तिथल्या मुलांचेही आकडे असेच उलटतात.) आणि एकोणतीस तर आणखी पुढचं. ऐकू येतो तीस, लिहायचा दोन आणि नऊ.

हे निदान मला घरी बसून सात जन्मात झालं नसतं. म्हणून ‘बाईंकडे जाऊच नका’ असं मी म्हणणार नाही. पण निदान करणं वेगळं आणि रोजचं औषध देणं वेगळं, आणि माझी तक्रार तिथेच सुरू होते.

तास शुक्रवारी संध्याकाळी असायचा. मी दाराबाहेरच्या बाकावर, दार अर्धं उघडं. आत गेल्यावर चपला भिंतीला समांतर ठेवणं, मग पेन्सिलला टोक करणं. हे काम ती फार मन लावून करायची, टोक जरा जास्त झालं की मोडून पुन्हा. मग बाई विचारायच्या, “मागच्या वेळी आपण कुठं थांबलो होतो?” शांतता. बाईंच्या वहीत ते लिहिलेलं असायचंच. पण वहीतलं मुलीच्या डोक्यात परत यायला हवं ना! त्यासाठी मागच्या शुक्रवारचं सगळं पुन्हा मांडलं जायचं. त्याच काड्या, तेच दहा-दहाचे जुडगे, त्याच गोष्टी. मग हळूहळू तिचा चेहरा उजळायचा, “हां हां, हे मला येतं!”

एकदा मी सहज घड्याळ पाहिलं. २२ मिनिटं गेली होती. पुढच्या शुक्रवारी २५. मग मला नादच लागला. पाच शुक्रवार मी हे टिपून ठेवलं आणि एकदाही ते १८ च्या खाली आलं नाही. तास ५० मिनिटांचा. (‘तास’ ५० मिनिटांचा असतो हे पालकांना साधारण दुसऱ्या महिन्यात कळतं.) उरलेल्या जेमतेम अर्ध्या तासात नवं काही व्हायचं, आणि त्यातली शेवटची दहा मिनिटं ती जांभया देत असायची. एखाद्या शुक्रवारी बाईंना बरं नसलं, किंवा आम्हाला ताप आला, की चौदा दिवसांचं अंतर पडायचं. मग तर पुन्हा श्रीगणेशा.

यात बाईंचा काहीच दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच चीड जास्त यायची. दोष दोन शुक्रवारांमधल्या सहा दिवसांचा होता. इतर मुलांच्या डोक्यात सहा दिवस टिकतं, हिच्या डोक्यात टिकत नव्हतं, आणि आम्ही नेमकं हिच्यासाठी सहा दिवसांचं अंतर निवडलं होतं! फी भरली की आठवडाभर आपलं कर्तव्य झालं, असं मला वाटायचं हेही कबूल करतो.

त्याच सुमारास हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग वाचनात आले. त्यानं स्वतःलाच निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले आणि आपण किती विसरतो ते मोजून १८८५ मध्ये छापलं. त्यातले दोन आकडे मी वहीच्या पुठ्ठ्यामागे लिहून ठेवले होते: ६८ आणि ३८. बारा अक्षरगटांची यादी एकाच दिवशी सलग ६८ वेळा घोकून जेवढा फायदा झाला, तेवढाच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ वेळांत झाला. आता तो प्रौढ माणूस, प्रयोग त्याच्या एकट्यावरचा, आणि यादीला ना अर्थ ना शेंडाबुडखा. सात वर्षांच्या मुलीला ते जसंच्या तसं लावू नये हे मान्य. पण बाकावर बसून मला जे दिसत होतं ते याच जातीचं होतं.

मग घर.

घरचं सोपं असेल अशी माझी समजूत पहिल्या पंधरा दिवसांत उतरली. घरी अडचण मुलीची नव्हती, माझी होती. दुसऱ्याच आठवड्यात मी म्हणालो, “अगं, कालच तर आलं होतं तुला!” तिनं पेन्सिल ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसली. त्या दिवशी पुढे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही ती टेबलाशी आली तीच हात मांड्यांखाली घेऊन. सावकाश शिकणाऱ्या मुलाला काल आलेलं आज न येणं हा त्याच्या शिकण्याचाच भाग असतो, हे मला बाईंनी तीन वेळा सांगितलं होतं. मी तीनही वेळा मान डोलावली होती.

बाई प्रश्न विचारून थांबायच्या. मी थांबत नव्हतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांमधली संभाषणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंद थांबतात असं दिसलं. तेच तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब आणि बरी येऊ लागली. प्रशिक्षित शिक्षकांची ही गत, तर माझं काय! मी शेवटी मनातल्या मनात ‘एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस’ म्हणत थांबायला शिकलो. बत्तीसच्या आसपास ती बोलायला लागते. पूर्वी मी एकोणतीसलाच उत्तर सांगून मोकळा व्हायचो आणि वर ‘हिला येत नाही’ म्हणायचो.

दहा मिनिटांत आम्ही करतो ते इतकंच. आधी काल आलेलं एक. मग एकच नवं, किंवा कालच्याच गोष्टीतला एक आधार काढून घेतलेला. शेवटी तिला हमखास येतं असं काहीतरी, म्हणजे टेबलावरून उठताना ती जिंकलेली असते. २७ साठी दोन जुडगे आणि सात सुट्या काड्या, बोलताना ‘सत्तावीस’, लिहिताना आधी बोट जुडग्यांवर. चार दिवसांनी जुडगे फक्त दाखवायचे, हात लावायचा नाही. आणखी काही दिवसांनी जुडगे कापडाखाली झाकलेले. मग नुसतं कापड. ते कापड तिनं स्वतःच एक दिवस घडी करून ठेवलं.

शिक्षणातली मंडळी याला परांची म्हणतात. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना ठोकळ्यांचा मनोरा रचायला मोठी माणसं कशी मदत करतात ते पाहताना, ही उपमा वापरली. इमारत उभी राहील तशी परांची उतरवत न्यायची. आता परांचीचा कुठला बांबू काल काढला हे रोज बसणाऱ्याला आज आठवतं. आठवड्यानं भेटणाऱ्याला ते वहीत पाहावं लागतं, आणि बहुतेक वेळा तो बांबू पुन्हा लावूनच सुरुवात करावी लागते. माझ्या त्या २२ मिनिटांत खरं म्हणजे हेच चाललं होतं.

घरी ‘मागच्या वेळी कुठं थांबलो होतो?’ ला किती वेळ लागतो तेही मी मोजलं, सवयीनं. दोन मिनिटं. सोमवारी तीन.

हिशेब मांडायचा तर आठ महिन्यांत बाईंकडे २० पर्यंतचे आकडे पक्के झाले. पुढच्या चार महिन्यांत घरी ५० पर्यंत गेलो, एकोणतीस-एकोणचाळीस ही ‘एकोण’ मंडळी मुद्दाम मागे ठेवून. अर्थात ती दरम्यान मोठीही झाली, आणि पाया बाईंनी घातला होता. सगळं श्रेय दहा मिनिटांना देणं बरोबर होणार नाही. निम्म्याहून जास्त मात्र मी त्यांनाच देईन.

ॲप आम्हीही वापरून पाहिलं. चारातलं एक उत्तर दाबायचं असतं, ती क्रमानं चारही दाबायची. चौथ्याला टाळ्या वाजायच्या. त्यावर यापेक्षा जास्त जागा घालवत नाही.

काही घरांत मात्र बाईंचाच तास बरा, असं मला अजूनही वाटतं. आई-बाबा दोघंही थकून येतात आणि आवाज चढतो हे स्वतःला माहीत असेल, तर रोजच्या दहा मिनिटांच्या धुसफुशीपेक्षा आठवड्यातला एक शांत तास परवडला. मुलाचं बाकी सगळं वयानुसार आहे आणि फक्त वाचनच अडतंय, अक्षरं आणि आवाज यांची सांगड बसत नाही, म्हणजे डिस्लेक्सियाची शंका असेल, तर तिथे प्रशिक्षित माणूसच हवा. नुसत्या घरच्या प्रेमावर ते भागत नाही. त्यातही जमलं तर आठवड्यातून एकदाऐवजी दोन-तीनदा छोटे तास मिळतात का ते विचारा. बऱ्याच जणांना हे विचारायचं सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं.

आणि रोजचं घ्यायचं ठरवलंत तर ते दहा मिनिटांचंच असू द्या. ती रंगात आली की मला अजून मोह होतो, आणखी पाच मिनिटं, आणखी एक बेरीज. तेराव्या मिनिटाला तिचं टोक मोडतं, पेन्सिलचं नव्हे. म्हणून वाळूचं घड्याळ आणलंय आणि ते उलटं करायचा मान तिचा. वाळू संपली की गणित अर्धं असलं तरी वही मिटायची. अर्धं गणित दुसऱ्या दिवशी तिला पुरं करावंसं वाटतं, हा फायदा मी ठरवून मिळवलेला नाही. आपोआप झालं.

बाई सुटल्या नाहीत. साधारण पाच आठवड्यांनी एकदा जातो, पन्नास मिनिटांसाठी. आता त्या तासात मुलीला काही शिकवायचं नसतं. बाई तिला पाहतात, आणि मी वहीत लिहून नेलेला एखादाच प्रश्न विचारतो. या वेळचा प्रश्न असा आहे: एकोणसाठ ऐकून ती ६९ लिहिते, पण एकोणसत्तरला मात्र बरोबर ६९. हे दोन्ही एकाच दिवशी कसं काय? मी चार दिवस विचार करतोय. बाईंना बहुधा दहा मिनिटं लागतील.