गेस्टाल्ट उपचारपद्धती: वर्षभराच्या सत्रांनंतरचा अनुभव

आईच्या निधनानंतर काही महिन्यांनी मी पुण्यातील एका समुपदेशकांकडे गेस्टाल्ट या मानसोपचार पद्धतीची (जर्मन शब्द; अर्थ साधारण 'संपूर्ण आकृती') सत्रे सुरू केली. सुरुवातीला दर आठवड्याला, पुढे पंधरवड्यातून एकदा, अशी ती वर्षभर चालली आणि अजूनही अधूनमधून चालू आहेत. या पद्धतीविषयी मराठीत मला जे वाचायला मिळाले, ते बहुतेक परीक्षेच्या टिपणांसारखे होते. त्यात तत्त्वांची नावे होती आणि तंत्रांच्या व्याख्या होत्या. पण समोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत प्रत्यक्षात काय घडते, हे त्यातून कळत नव्हते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: या पद्धतीतील रिकाम्या खुर्चीचे तंत्र सर्वाधिक प्रसिद्ध असले, तरी मला खरा उपयोग झाला तो 'आत्ता, या क्षणी काय होते आहे?' या साध्या प्रश्नाचा, आणि तो प्रश्न न कंटाळता विचारत राहणाऱ्या व्यक्तीचा.

माझी तक्रार तशी सर्वसाधारण होती. घरात किंवा कचेरीत कोणी काही मागितले की तोंडातून आधी 'हो' निघायचे आणि मग रात्री जबडा आणि मान इतकी आखडायची की झोप मोडायची. दंतवैद्यांनी दात तपासले, फिजिओथेरपीही झाली. त्याआधी मी विचारांच्या नोंदी ठेवण्याची, चुकीच्या समजुती तपासून पाहण्याची पद्धत शिकले होते आणि तिचा कचेरीतील काळजीच्या बाबतीत चांगला उपयोगही झाला होता. मात्र आईच्या दीर्घ आजारपणाचा विषय निघाला की माझे सगळे विचार तर्काला धरून असत, वाक्ये नीट जुळवलेली असत आणि तरीही जबडा घट्टच राही. मला सर्व काही समजत होते, पण त्या समजण्याने काही हलत नव्हते. अशा वेळी एका परिचित डॉक्टरांनी ही पद्धत सुचवली.

फ्रिट्झ पर्ल्स आणि लॉरा पर्ल्स या जर्मन ज्यू दांपत्याने ही पद्धत घडवली. फ्रिट्झ मूळचे मनोविश्लेषक. 1926 च्या सुमारास फ्रँकफुर्टमध्ये त्यांनी कुर्ट गोल्डश्टाईन या मेंदूविज्ञांच्या हाताखाली काम केले. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना गोल्डश्टाईन यांचे म्हणणे असे होते, की एक अवयव किंवा एक क्षमता सुटी काढून तपासण्यापेक्षा संपूर्ण माणूस आपल्या परिस्थितीशी कसा जुळवून घेतो आहे हे पाहिले पाहिजे. लॉरा यांचा गेस्टाल्ट मानसशास्त्राचा, म्हणजे आपण गोष्टी सुट्या भागांत नव्हे तर एकसंध कशा पाहतो याच्या शास्त्राचा, अभ्यास होता, शिवाय संगीत आणि शारीरिक हालचालींचे शिक्षणही होते. हिटलर सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये दोघांनी जर्मनी सोडली, दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला काही वर्षे काढली आणि युद्धानंतर ते न्यूयॉर्कला आले. फ्रिट्झ पर्ल्स, राल्फ हेफरलाइन आणि पॉल गुडमन यांचा या पद्धतीवरील मूळ ग्रंथ 1951 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तिची संस्था उभी राहिली. लॉरा यांचे नाव त्या ग्रंथावर नाही, याचे मला वाईट वाटते. कारण शरीराची ठेवण, श्वास, पायांखालच्या जमिनीचा आधार यांकडे लक्ष देण्याचा जो भाग मला सर्वांत उपयोगी पडला, तो बराचसा त्यांच्या कामातून आलेला आहे.

गेस्टाल्ट मानसशास्त्रातील आकृती आणि पार्श्वभूमी ही कल्पना या पद्धतीचा पाया आहे. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांचे एकाच वेळी फुलदाणी आणि समोरासमोरचे दोन चेहरे दाखवणारे चित्र अनेकांनी पाहिले असेल. फुलदाणी दिसते तेव्हा चेहरे मागे सरतात आणि चेहरे दिसू लागले की फुलदाणी नाहीशी होते. पर्ल्स यांच्या मते गरजांचेही असेच असते. ज्या वेळी जी गरज तीव्र असते ती पुढे येते, भागली की मागे जाते आणि दुसरीला जागा करून देते. गरज भागलीच नाही, किंवा ती पुढे येण्याआधीच दडपली, तर ती मागेही नीट जात नाही आणि पुढेही नीट येत नाही. अशा अर्धवट राहिलेल्या व्यवहारांना या पद्धतीत फार महत्त्व आहे. मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये केलेल्या आणि 1927 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा लोकांच्या अधिक लक्षात राहिल्याचे आढळले होते. माझ्या बाबतीत असे अर्धवट राहिलेले काम म्हणजे परदेशात राहणाऱ्या मोठ्या भावाशी कधीच न झालेले भांडण.

हे मला पहिल्या काही सत्रांत मुळीच माहीत नव्हते. मी आईच्या शेवटच्या वर्षाविषयी बोलत असे: रुग्णालयाच्या फेऱ्या, रात्रपाळीच्या बाईंचे येणे-न येणे, विम्याची कागदपत्रे. एकदा मी अगदी शांत आवाजात सांगत होते की दादाला तिथून रजा मिळणे अवघड असते, त्याचीही बाजू आहे, आणि तो दर रविवारी न चुकता फोन करत असे. समुपदेशक बाईंनी मला थांबवले आणि विचारले, "हे सांगताना तुमचा उजवा हात काय करतोय?" मी पाहिले तर अंगठा आत दाबून मूठ आवळलेली होती. मी ती सोडू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सोडू नका. उलट आणखी थोडी आवळून बघा. श्वासाचं काय होतंय?" श्वास रोखलेला होता. मग त्यांनी विचारले, "या मुठीला बोलता आलं असतं तर ती काय म्हणाली असती?" मला हा प्रश्न काहीसा नाटकी वाटला, परंतु उत्तर माझ्याही आधी बाहेर पडले: "पुरे झालं." त्यानंतर बराच वेळ मी रडले आणि त्या दिवशी संध्याकाळी जबडा सैल होता. एवढ्यावर बरे वाटले असा माझा दावा नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आखडला. पण आखडणे ही केवळ स्नायूंची तक्रार नसून ती मी स्वतःच, रोज, काहीतरी न बोलण्यासाठी करत असलेली क्रिया आहे, हे मला तेव्हा प्रथम जाणवले.

या पद्धतीत 'का' हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. 'काय' आणि 'कसे' हे विचारले जाते. 'का' विचारले की आपण कारणे देऊ लागतो आणि कारणे देण्यात मी तरबेज होते. बोलण्याच्या सवयींकडेही असेच लक्ष दिले जाते. 'अशा वेळी माणूस थकतोच' असे मी म्हटले की 'मी थकले' असे म्हणून पाहण्यास सांगितले जाई. 'मी नाही म्हणू शकत नाही' याऐवजी 'मी नाही म्हणत नाही' असे म्हणून पाहिल्यावर आत काय होते, हे तपासले जाई. यातील प्रत्येक गोष्ट प्रयोग म्हणून सुचवली जात असे. करायची की नाही हे माझ्यावर होते आणि काही वेळा मी नकार दिला. हा नकार देता येणे, आणि त्यानंतर समोरची व्यक्ती नाराज न होता तितक्याच आस्थेने समोर बसून राहणे, हा माझ्यासाठी कोणत्याही तंत्राहून मोठा अनुभव होता. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांच्या मी-तू नात्याच्या, म्हणजे समोरच्याला वस्तू न मानता माणूस म्हणून भेटण्याच्या, विचाराचा या पद्धतीवर प्रभाव आहे असे वाचले होते. त्याचा अर्थ मला या नकारांतून कळला.

आपण आणि बाहेरचे जग जिथे भेटतात त्या सीमेवर माणूस संपर्क कसा टाळतो, याचे काही प्रकार गेस्टाल्टमध्ये सांगितले आहेत. दुसऱ्यांची मते न चावता गिळणे, स्वतःच्या भावना दुसऱ्याच्या आहेत असे मानणे, दुसऱ्याशी इतके एकरूप होणे की आपले वेगळेपणच उरू नये, विषयाला बगल देणे, आणि बाहेर जायला हवी ती ऊर्जा स्वतःकडेच वळवणे. माझ्यात पहिला आणि शेवटचा हे दोन प्रकार ठळक होते. 'मुलीनेच करायचे असते', 'आजारी माणसाच्या घरात आवाज चढवायचा नसतो' ही वाक्ये मी लहानपणी जशीच्या तशी गिळली होती. त्यांतील कोणते मला पटते आणि कोणते नाही, हे एकेक वाक्य मोठ्याने म्हणून आम्ही तपासले. आईची सेवा मी कर्तव्य म्हणून नव्हे तर प्रेमाने केली, हे त्या तपासणीतच स्पष्ट झाले. आवाज न चढवण्याचे वाक्य मात्र माझे नव्हते. दादावर निघायला हवा होता तो राग मी स्वतःच्या जबड्यावर काढत होते.

आता खुर्चीविषयी. मूळ तंत्र मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांच्या मनोनाट्यातले, म्हणजे मनातले प्रसंग अभिनयातून मांडण्याच्या उपचारपद्धतीतले. पर्ल्स यांनी ते घेऊन स्वतःच्या पद्धतीत बसवले आणि कॅलिफोर्नियातील इसालेन या निवासी केंद्रातील 1960 च्या दशकातल्या कार्यशाळांमुळे ते जगभर पोहोचले. माझ्या सत्रांत ते बरेच उशिरा आले आणि माझ्या मते तसेच यायला हवे. समोर एक साधी खुर्ची ठेवून त्यात दादा बसला आहे अशी कल्पना करायची आणि त्याच्याशी बोलायचे. मी सुरुवात केली, "त्याला असं वाटत असेल की..." आणि लगेच टोकले गेले: "हे तुम्ही मला सांगताय. त्याच्याकडे बघून सांगा." मग मी म्हटले, "दादा, तू फोनवर फक्त औषधांची नावं विचारायचास. मी कशी आहे हे एकदाही विचारलं नाहीस." यापुढचे सगळे येथे लिहिणे योग्य नाही. नंतर मला त्याच्या खुर्चीत बसून त्याच्या वतीने उत्तर द्यायला सांगण्यात आले. तिथे बसल्यावर मी खांदे पाडले, नजर खाली नेली, आणि माझ्या तोंडून निघाले, "तू कधी मागितलंच नाहीस." हे दादाचे म्हणणे नव्हे, माझ्या मनातल्या दादाचे आहे, हे समुपदेशकांनी आवर्जून स्पष्ट केले. खुर्चीतून आलेले उत्तर खऱ्या माणसाचे समजून त्याच्याशी वागू लागणे धोक्याचे आहे, आणि ही सूचना जे देत नाहीत त्यांच्याकडे हे तंत्र करू नये असे मला वाटते.

या पद्धतीत बदलाविषयी एक वेगळा विचार आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्नोल्ड बायसर यांनी 1970 मध्ये तो मांडला: माणूस जो नाही तो होण्याचा प्रयत्न करतो तेव्हा बदलत नाही, आणि जो आहे तो पूर्णपणे होतो तेव्हा बदलतो. स्वतः बायसर उत्तम टेनिसपटू होते आणि ऐन पंचविशीत पोलिओने त्यांचे शरीर लुळे पडले, हे लक्षात घेतले की हा विचार केवळ शब्दांचा खेळ राहत नाही. 'मला ठामपणे नाही म्हणायला शिकवा' अशी मागणी घेऊन मी गेले होते. तशी तालीम मला कोणी दिली नाही. मी 'हो' कशी म्हणते, तेव्हा मान कशी हलते, श्वास कुठे थांबतो, हेच पाहण्यात महिने गेले, आणि कधीतरी उत्तर देण्याआधी थोडा अवकाश मिळू लागला. आईच्या वर्षश्राद्धाच्या आधी मी दादाला फोन केला आणि गुरुजी, स्वयंपाक, नातेवाइकांना कळवणे यांतील कोणती कामे त्याने तिथूनही करायची आहेत ते सांगितले. तो थोडा गप्प राहिला, मग त्याने यादी मागितली. जबडा अजूनही आखडतो, परंतु क्वचित, आणि आखडला की काय दडपते आहे याचा शोध घेता येतो.

आता उणिवा. ही पद्धत संथ आहे आणि प्रगती मोजायची कशी हे तिच्यात स्पष्ट नसते. ज्यांना गृहपाठ, तक्ते आणि ठरावीक सत्रसंख्या हवी असते त्यांची चिडचिड होईल. खर्चही कमी नाही: माझ्याकडून एका सत्राचे पंधराशे रुपये घेतले जात. संशोधनाचा आधार सर्वत्र सारखा नाही. मानसशास्त्रज्ञ लेस्ली ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुर्चीच्या संवादावर पद्धतशीर अभ्यास केला आणि भावनाकेंद्री उपचारपद्धतीत तो सामावून घेतला, त्यामुळे जुन्या, न मिटलेल्या नात्यांच्या बाबतीत या तंत्राला आधार आहे. परंतु मंत्रचळ किंवा तीव्र घबराटीचे झटके असतील तर वर्तनात्मक उपचारांचा पुरावा अधिक भक्कम आहे आणि तिकडेच आधी जावे. भास-भ्रम होत असतील, किंवा ताजा मोठा आघात असेल, तर भावना तीव्र करणारे प्रयोग अपायकारक ठरू शकतात. आत्महत्येचे विचार येत असतील तर प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मध्यंतरी मी दुसऱ्या शहरात एका गटकार्यशाळेलाही गेले होते, आणि तो अनुभव वाईट होता. तेथील मार्गदर्शक लोकांना सर्वांसमोर बोलायला भाग पाडत, कोणी रडले की ते यश मानत आणि कोणी नकार दिला की 'तुम्ही पळता आहात' असे म्हणत. एक तरुण मुलगी थरथरत खाली बसली, तेव्हा तिला सावरण्यासाठी कोणी थांबले नाही. चहाची सुट्टी जाहीर झाली. पर्ल्स यांच्या शेवटच्या वर्षांतील आक्रमक, प्रात्यक्षिकासारख्या शैलीची नक्कल अजूनही होते, पण आजची गेस्टाल्ट पद्धत बऱ्याच अंशी संवाद आणि आधार यांवर उभी आहे, हे निवड करताना माहीत असावे.

म्हणून पहिल्याच भेटीत चार गोष्टी विचाराव्यात: गेस्टाल्टचे प्रशिक्षण कुठे आणि किती काळ घेतले, स्वतःच्या कामावर ज्येष्ठांचे मार्गदर्शन चालू आहे का, एखादा प्रयोग करायचा नसेल तर काय होईल, आणि सत्रानंतर फार अस्वस्थ वाटले तर संपर्क कसा साधायचा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरची व्यक्ती कशी बसली आहे, तिचा आवाज बदलतो का, ती तुमच्याकडे पाहते का, हेही पाहावे. ते उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर दुसरीकडे चौकशी करावी.