बेळगाव महापालिकेची घरपट्टी: एप्रिलची ५ टक्के सवलत घ्यावी का?

घ्यावीच. वर्षाची घरपट्टी एप्रिलअखेर एकरकमी भरली की करात ५ टक्के सूट मिळते. मे-जूनमध्ये सूट नाही, दंडही नाही. जुलै लागला की दरमहा २ टक्के दंड सुरू. म्हणजे ६,००० रुपयांचा कर एप्रिलमध्ये ५,७०० ला मिटतो आणि डिसेंबरपर्यंत रेंगाळला तर ६,७२० वर जातो. काही वर्षी सरकारने मुदत वाढवली आहे, पण त्या भरवशावर राहू नये.

सवलतीचा आकडा मात्र तोकडा आहे. कायद्यानेच कर दरवर्षी ३ ते ५ टक्के वाढवता येतो, त्यामुळे वेळेवर भरणाऱ्याची सूट जवळपास त्या वाढीतच जिरते. मार्च २०२५ मध्ये याच कर्नाटक राज्याच्या विधिमंडळाने आमदारांचा पगार ४० हजारांवरून ८० हजार आणि मुख्यमंत्र्यांचा ७५ हजारांवरून दीड लाख केला, तोही चर्चेविना. बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरेल तेव्हा सीमाभागातल्या आमदारांनी घरपट्टीच्या सवलतीसाठीही तेवढाच जोर लावायला हवा.

आता चलन, म्हणजे कर भरण्याचा कागद. कर बसतो तो मालमत्तेच्या मूल्यावर आणि ते मूल्य सरकारी दर, बांधकामाचं क्षेत्रफळ, प्रकार, वय आणि वापर यांवरून निघतं. घोळ होतो तो बहुधा वापराच्या रकान्यात. तळमजल्यावरचं दुकान बंद करून तिथे कुटुंब राहायला आलं, तरी नोंद व्यापारीच राहते आणि दर चढा लागतो. मागच्या वर्षीची पावती शेजारी ठेवून पीआयडी नंबर (मालमत्तेचा ओळख क्रमांक), वॉर्ड आणि चौरस फूट ताडून बघा. चलन कन्नडमध्ये असतं. वाचता येत नसेल तर निदान वापराचा रकाना जाणत्याकडून वाचून घ्या. चलन मराठीतही मिळावं ही मागणी रास्तच आहे. चूक दिसली तर पैसे भरण्याआधी महसूल विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मूळ करावर आरोग्य १५, ग्रंथालय ६ आणि भिक्षुक निर्मूलन ३ टक्के असे उपकर बसतात. कचऱ्याचं शुल्क निराळं.

भरणा ऑनलाइन किंवा बेळगाव वन या नागरी सेवा केंद्रात करता येतो. महिनाअखेरीची गर्दी टाळा. ऑनलाइन भरताना खात्यातून रक्कम गेली पण पावती निघाली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासा. पावतीची छापील प्रत जपा, ई-खाते (मालमत्तेच्या नोंदीचा डिजिटल उतारा) काढताना तीच आधी मागतात.