नासा आईज: फुकटात अख्खी सूर्यमाला, आणि 'लघुग्रह आदळणार' वाल्या फॉरवर्डवर जालीम उतारा

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. नासा आईज ऑन द सोलर सिस्टिम हे जेपीएलवाल्यांनी, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या नासाच्या लॅबने बनवलेलं सूर्यमालेचं थ्रीडी सॉफ्टवेअर आहे. ब्राउझरमधेच उघडतं, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, पैसे तर नाहीतच. उघडलं की सूर्य, ग्रह, त्यांच्या कक्षा आणि आत्ता ह्या घडीला कुठलं यान कुठे आहे ते सगळं समोर, माऊसने फिरवायचं, स्क्रोल करून जवळ जायचं, आणि खाली वेळेची पट्टी आहे ती मागेपुढे ओढायची. १९५० पासून २०५० पर्यंत कुठलीही तारीख टाका.

आता एवढ्यावर कोणी म्हणेल छान आहे, पोरांना दाखवू. पण मला ह्याचा खरा उपयोग कळला तो २०२५च्या फेब्रुवारीत. आठवतोय ना तो २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह? चॅनेलवर लाल पट्ट्या, 'मुंबईवर आदळणार?', त्या प्रश्नचिन्हाकडे कोण बघतंय, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्या विचारतेय की बोरिवलीचा फ्लॅट आत्ताच काढून टाकू का (चेष्टेतच, पण अर्धी चेष्टा). २२ डिसेंबर २०३२ ही तारीख खरी होती, शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत गेली होती हेही खरं, आणि धोक्याच्या पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया येत होता. फक्त तो पट्टा पार पूर्व पॅसिफिकपासून सुरू होऊन दक्षिण अमेरिका, अटलांटिक, आफ्रिका करत इकडे येत होता, हे सांगायला कोणाला वेळ नव्हता.

ह्याच कुटुंबातलं आईज ऑन अ‍ॅस्टेरॉइड्स म्हणून दुसरं पान आहे, त्यात पृथ्वीजवळून जाणारे सगळे माहीत असलेले लघुग्रह आणि धूमकेतू आहेत. तिथे वायआर४ ची कक्षा उघडून आत्याला दाखवली. लांबुळकी कक्षा, कुठून येतो, पृथ्वीचा रस्ता कुठे कापतो, हे बघितल्यावर माणूस जरा शांत होतो. टक्केवारी मात्र इथे समजत नाही, ती आपल्यालाच समजवावी लागते: सुरुवातीला त्याची जागा नक्की माहीत नसते म्हणून शक्यतेचा पट्टा खूप लांब असतो, नवीन निरीक्षणं आली की तो आखूड होत जातो, आणि जोपर्यंत पृथ्वी त्याच्या आत आहे तोपर्यंत टक्के वाढतच दिसतात, एकदा का पृथ्वी बाहेर पडली की धाडकन खाली. झालंही तसंच, फेब्रुवारी संपायच्या आत शक्यता नगण्य झाली. ती बातमी कुठल्या चॅनेलने किती वेळ दाखवली ते सोडा.

नंतर थ्री-आय अ‍ॅटलास ह्या धूमकेतूचं प्रकरण आलं. १ जुलै २०२५ला चिलीतल्या दुर्बिणीला सापडलेला, सूर्यमालेच्या बाहेरून आलेला, माहीत असलेला तिसराच पाहुणा, म्हणजे मुळातच भन्नाट बातमी, पण लोकांना ते पुरेना, लगेच एलियनचं यान. १९ डिसेंबरला तो पृथ्वीच्या 'जवळ' आला तेव्हा अंतर होतं साधारण २७ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य आपल्यापासून जेवढा लांब आहे त्याच्या पावणेदोन पटीहून जास्त. हे आकड्यात वाचून डोक्यात शिरत नाही, स्क्रीनवर तो कुठे आणि आपण कुठे हे बघितलं की लगेच शिरतं.

आता एक महत्त्वाचं. इथे 'लाईव्ह' लिहिलंय म्हणून हा कॅमेरा समजू नका. जागा खऱ्या आहेत, कारण मोहिमांचा मार्गक्रमणाचा डेटा वापरलाय, पण दृश्य कॉम्प्युटरने काढलेलं आहे. ह्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून कोणी 'गुरूवरून थेट प्रक्षेपण' म्हणून टाकलं तर फसायचं नाही. गुरूचा तो मोठा लाल डाग घ्या, म्हणजे तिथलं प्रचंड वादळ, १९७९ ला व्हॉयेजर यान गेलं तेव्हा सुमारे २३ हजार किलोमीटर रुंद होता, आता साधारण १६ हजारच्या आसपास आलाय आणि का आकसतोय ह्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. ते आकसणं तुम्हाला इथे दिसणार नाही. कोण कुठे आहे हे विचारा, चोख उत्तर मिळेल, असं का होतंय हे विचारायला वाचनच करावं लागेल.

युरोपा क्लिपरसाठी, म्हणजे गुरूच्या युरोपा ह्या उपग्रहासाठी निघालेल्या नासाच्या यानासाठी, मात्र हे पानच पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं, गुरूला पोचणार एप्रिल २०३० मध्ये. भाचा म्हणाला मामा, मग सरळ का नाही जात? वेळेची पट्टी ओढत गेलो, मार्च २०२५ला मंगळाजवळून वळसा, मग डिसेंबर २०२६ ला परत पृथ्वीजवळ, इथे वेग घेतला आणि सुटलं बाहेर. ग्रहाच्या गुरुत्वाचा फायदा घेऊन इंधन वाचवतात हे पोराला अर्ध्या मिनिटात कळलं, मला शाळेत कोणी असं दाखवलं असतं तर…

पण ह्या सगळ्यात माझं सगळ्यात लाडकं पान दिसायला एकदम साधं आहे, डीएसएन नाऊ. डीएसएन म्हणजे डीप स्पेस नेटवर्क, लांबच्या यानांशी बोलणारं नासाचं अँटेनांचं जाळं. गोल्डस्टोन (कॅलिफोर्निया), माद्रिद (स्पेन) आणि कॅनबेरा (ऑस्ट्रेलिया), तीन ठिकाणच्या अँटेना, आणि आत्ता कुठली कुठल्या यानाशी बोलतेय ते. दर पाच सेकंदांनी अपडेट होतं. नशीब असेल तर व्हॉयेजर १ लागतं. १९७७ ला सोडलेलं यान, डेटा येतोय १६० बिट प्रति सेकंद, संदेश जाऊन उत्तर यायला जवळजवळ दोन दिवस. नोव्हेंबर २०२६ मध्ये ते आपल्यापासून एक प्रकाशदिवस, म्हणजे प्रकाशाला जायला पूर्ण एक दिवस लागेल इतकं, लांब पोचतंय. व्हॉयेजर २ दक्षिणेकडे गेलंय त्यामुळे त्याला आज्ञा पाठवायचं काम कॅनबेराची ७० मीटरची अँटेनाच करू शकते, म्हणून ते शोधायचं असेल तर कॅनबेराच्या रांगेत बघा. (जाता जाता, नारायणगावजवळच्या खोडदच्या आपल्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीने पण २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या श्कियापारेली लँडरचा सिग्नल पकडला होता. ते ह्या पानात नाही, पण अभिमान म्हणून सांगितलं.)

वापरताना दोन गोष्टी. माझा जुना लॅपटॉप ह्याने तापतो, पंखा बोंबलायला लागतो, त्यामुळे बाकीचे टॅब बंद करूनच बसतो. फोनवर चालतं पण नावांची एवढी गर्दी होते की काही कळत नाही, लेयर्समध्ये जाऊन लघुग्रह, धूमकेतू आणि छोटे उपग्रह बंद करा, शनीला तर नक्कीच, कारण मार्च २०२५ मधले नवे १२८ धरूनच त्याचे उपग्रह २७४ झाले होते. जमलं तर लॅपटॉप टीव्हीला जोडा.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मराठी नाही म्हणून, आत्याला प्रत्येक पाटी मीच वाचून दाखवली.