युद्धविरोधी उमेदवाराचा हिशेब कुठे पाहायचा? एफईसीच्या संकेतस्थळाचं परीक्षण

अमेरिकेत लोकांना नकोसं झालेलं युद्ध चालू असताना स्वतःच्याच पक्षाच्या विद्यमान सिनेटरला कुणी आव्हान दिलं, तर त्या लढतीचा पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे पाहण्याची सरकारी जागा म्हणजे फेडरल इलेक्शन कमिशनचं (एफईसी, केंद्रीय निवडणुकांच्या पैशावर लक्ष ठेवणारा आयोग) संकेतस्थळ. हा आयोग १९७५ पासून काम करतो आहे आणि त्याचं संकेतस्थळ सगळ्यांना फुकट खुलं आहे. खातं उघडावं लागत नाही आणि भारतात बसूनही सगळं दिसतं. वर्तमानपत्रातल्या एका ओळीवर विसंबण्यापेक्षा मूळ कागद उघडून पाहणाऱ्यांसाठी ही सेवा फार मोलाची आहे. मात्र ती वापरायची एक रीत आहे. ती माहीत नसेल तर एक तर पान रिकामं दिसतं, नाही तर आकडे दुप्पट दिसतात.

तपासणीसाठी कनेक्टिकटची २००६ ची सिनेट निवडणूक घेतली आहे. या विषयावर इतकी बोलकी दुसरी लढत सापडणं अवघड. जो लिबरमन १९८९ पासून सिनेटर, २००० मध्ये अल गोर यांच्यासोबत उपाध्यक्षपदाचे उमेदवार आणि इराक युद्धाचे ठाम समर्थक. २९ नोव्हेंबर २००५ रोजी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहून त्यांनी सैन्य इराकमध्येच राहिलं पाहिजे असं मांडलं. ग्रीनिचचे केबल व्यावसायिक नेड लॅमाँट यांनी १३ मार्च २००६ रोजी त्यांच्याविरुद्ध उमेदवारी जाहीर केली. ८ ऑगस्टच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, लॅमाँट यांना १,४६,४०४ आणि लिबरमन यांना १,३६,४९० मतं पडली. फरक दहा हजारांच्याही आतला. त्यानंतर लिबरमन 'कनेक्टिकट फॉर लिबरमन' या नव्या पक्षाच्या नावावर उभे राहिले आणि ७ नोव्हेंबरला ५,६४,०९५ मतं घेऊन जिंकले. लॅमाँट ४,५०,८४४ वर थांबले, तर रिपब्लिकन अ‍ॅलन श्लेसिंजर यांना १,०९,१९८ मतं मिळाली.

सुरुवात उमेदवाराच्या नावापासून करू नका. आधी राज्य, पद आणि वर्ष निवडून निवडणुकीचं पान उघडा: कनेक्टिकट, सिनेट, २००६. तिथे सगळे उमेदवार एका तक्त्यात येतात. एकूण जमा, एकूण खर्च, हातातली शिल्लक आणि हिशेब कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, हे चारही रकाने शेजारी शेजारी असतात. शेवटचा रकाना आधी वाचा. दोन उमेदवारांचे हिशेब वेगवेगळ्या तारखांना संपत असतील तर त्यांच्या एकूण आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

नावाने शोधायचंच असेल तर नुसतं आडनाव टाका. लॅमाँट यांचं कागदोपत्री नाव एडवर्ड आहे, नेड नव्हे. लिबरमन २००४ मध्ये अध्यक्षपदाच्या प्रायमरीतही उतरले होते, म्हणून आयोगाने दिलेले त्यांचे एकाहून अधिक उमेदवार-क्रमांक दिसतात. 'एस' अक्षराने सुरू होणारा क्रमांक सिनेटचा, 'पी'ने सुरू होणारा अध्यक्षपदाचा. चुकीचा उघडला तर आकडे खरेच असतात, पण दुसऱ्याच लढतीचे असतात. ही चूक लगेच लक्षात येत नाही, म्हणून क्रमांक लगेच वहीत उतरवून घ्या.

पुढची अडचण कालखंडाची. देणग्यांच्या शोधात संकेतस्थळ आपण होऊन चालू दोन वर्षांचा काळ धरून बसतं. २००६ ची नोंद शोधायची तर तो काळ बदलून २००५–२००६ करावा लागतो, नाही तर निकाल शून्य येतो आणि माहितीच नाही असं वाटतं. सिनेटच्या उमेदवाराला आणखी एक पेच आहे. त्याची मुदत सहा वर्षांची, म्हणून उमेदवाराच्या पानावर 'पूर्ण निवडणूक' आणि 'दोन वर्षं' असे दोन हिशेब मिळतात. विद्यमान सिनेटर पाच वर्षं आधीपासून निधी गोळा करत असतो आणि आव्हान देणारा शेवटच्या काही महिन्यांत येतो. दोघांची तुलना दोन वर्षांच्या हिशेबावर केली तर सिनेटरच्या जुन्या जमेतला बराच भाग नजरेतून सुटतो.

आता मूळ कागदाकडे. उमेदवाराच्या प्रचाराचा पैसा सांभाळणाऱ्या समितीचा नियमित अहवाल म्हणजे फॉर्म ३, आणि त्याच्या गोषवाऱ्याच्या पानांवरच अर्धी लढत समजते. ओळ ११ (अ) मध्ये व्यक्तींच्या देणग्या, त्यातही नावानिशी दिलेल्या आणि नावाविना दिलेल्या वेगळ्या. ११ (क) मध्ये पॅक म्हणजे इतर राजकीय समित्यांचा पैसा. ११ (ड) म्हणजे उमेदवाराने स्वतः दिलेली रक्कम, १३ (अ) म्हणजे उमेदवाराने दिलेलं कर्ज आणि १७ म्हणजे चालू खर्च. विद्यमान सिनेटरच्या कागदावर ११ (क) सहसा भरलेली असते, कारण समित्या निवडून येण्याची शक्यता पाहून पैसा लावतात. आव्हान देणाऱ्याकडे ती ओळ जवळजवळ कोरी दिसते आणि मग ११ (ड) किंवा १३ (अ) पाहावी लागते. लॅमाँट यांच्या मोहिमेतला बहुतांश पैसा त्यांच्या स्वतःच्या खिशातला होता. युद्धविरोधाची लाट मोठी होती, पण दूरदर्शनवरच्या जाहिरातींचं बिल लाट भरत नाही. हे या गोषवाऱ्याइतकं स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

२००६ च्या कागदांत फॉर्म १० नावाची एक नोंद सापडते, जी आजच्या लढतींत मिळत नाही. २००२ च्या कायद्यात श्रीमंत उमेदवारांसाठी एक तरतूद होती: स्वतःचा पैसा ठरावीक रकमेच्या वर गेला की २४ तासांत कळवायचं आणि मग समोरच्या उमेदवाराची देणगी घेण्याची मर्यादा वाढू शकायची. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती रद्द केली. जुन्या लढतीतला एखादा देणगीदार मर्यादा ओलांडून गेलेला दिसला, तर गैरप्रकार म्हणण्याआधी ही तरतूद आठवा. तेव्हाची साधी मर्यादा एका व्यक्तीला एका निवडणुकीसाठी २,१०० डॉलर होती. प्रायमरी आणि अंतिम निवडणूक या दोन वेगळ्या निवडणुका धरतात, म्हणून एकाच नावापुढे ४,२०० डॉलर दिसले तरी ते नियमात बसतं. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते. अमेरिकेत ती नाही, मर्यादा फक्त देणाऱ्यावर आहे. तेव्हा खर्चाची मर्यादा ओलांडली का, हे इथे शोधत बसू नका.

या सेवेची सगळ्यात मोठी कमजोरी वेळापत्रकात आहे आणि ती कायद्यातूनच आलेली आहे. ८ ऑगस्टच्या प्रायमरीचं उदाहरण घ्या. प्रायमरीपूर्व अहवाल १२ दिवस आधी, म्हणजे २७ जुलैपर्यंत द्यायचा. पण त्यातला हिशेब २० दिवस आधी, म्हणजे १९ जुलैलाच थांबतो. २० जुलैपासूनचा खर्च थेट ऑक्टोबरच्या तिमाही अहवालात येतो, आणि तो १५ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो. म्हणजे लढतीचे सर्वांत तापलेले दिवस मतदाराला मतदानानंतर दोन महिन्यांनी दिसतात.

याचा नमुना त्या वर्षी दिसला. लिबरमन यांच्या समितीच्या ऑक्टोबरच्या अहवालात प्रायमरीच्या आधीच्या काही दिवसांत ३ लाख ८७ हजार डॉलरहून अधिक रक्कम 'पेटी कॅश', म्हणजे किरकोळ रोख खर्च म्हणून दाखवली होती. नियम असा आहे की किरकोळ रोखीतून एका व्यवहाराला १०० डॉलरपेक्षा जास्त देता येत नाही, आणि कुणाला, कधी, कशासाठी दिले याची वही समितीला ठेवावी लागते. मात्र ती वही अहवालासोबत जोडायची नसते. त्यामुळे संकेतस्थळावर तुम्हाला तारीख, रक्कम आणि 'पेटी कॅश' हे दोन शब्द दिसतात, त्यापलीकडे काही नाही. लॅमाँट यांच्या बाजूने आयोगाकडे तक्रार झाली. असा प्रकार तपासायचा असेल तर खर्चाच्या यादीत, म्हणजे शेड्यूल बी मध्ये, तारखेनुसार क्रम लावा आणि प्रायमरीच्या आधीचे दोन आठवडे एकेक ओळ वाचा. तक्रारींचे निकाल वेगळ्या ठिकाणी असतात. कायदेशीर साधनांच्या विभागात 'एमयूआर' (मॅटर्स अंडर रिव्ह्यू) नावाच्या प्रकरणांत समितीच्या नावाने शोध घ्यावा लागतो.

जमेच्या बाजूला मात्र एक खिडकी उघडी राहते. निवडणुकीच्या आधीच्या त्या वीस दिवसांत १,००० डॉलर किंवा त्याहून मोठी रक्कम आली की ४८ तासांत कळवावी लागते. हे कागद फॉर्म ६ म्हणून मिळतात. उमेदवाराने स्वतः घातलेला पैसाही त्यात येतो. स्वखर्चाने लढणारा माणूस शेवटच्या आठवड्यात किती ओततो आहे, हे फक्त इथेच वेळेवर कळतं.

सिनेटच्या जुन्या लढतींना आणखी एक दुखणं आहे. प्रतिनिधिगृहाच्या आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांना २००१ पासून इलेक्ट्रॉनिक अहवाल सक्तीचे झाले, पण सिनेटचे उमेदवार २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत कागदावरच अहवाल देत होते, तेही सिनेटच्या सचिवांकडे. तिथून ते स्कॅन होऊन आयोगाकडे यायचे आणि माणसं ते हाताने टंकत. म्हणून २००६ च्या सिनेट लढतीत शोधयंत्राने एखादी नोंद दाखवली नाही, तर ती नाही असं समजू नका. समितीच्या पानावरून स्कॅन केलेला मूळ अहवाल उघडा आणि पान उलटत वाचा. पानं शेकडो असतात, त्यांत शब्दाने शोधता येईलच असं नाही, आणि नावांची स्पेलिंगंही इकडची तिकडे झालेली असतात. इतकी वर्षं सिनेटने स्वतःला या नियमातून वगळून घेतलं, याची किंमत आज अभ्यास करणारा प्रत्येक जण मोजतो आहे.

छोट्या देणग्यांचं वेगळं. एका देणगीदाराची एकूण रक्कम २०० डॉलरच्या वर गेल्याशिवाय उमेदवाराच्या समितीला त्याचं नाव द्यावं लागत नाही. युद्धाच्या रागातून पंचवीस-पन्नास डॉलर पाठवणारी माणसं म्हणूनच एका एकत्रित आकड्यात लपतात. पण तोच पैसा २००४ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅक्टब्लूसारख्या, ऑनलाइन देणग्या गोळा करून उमेदवारांकडे पोहोचवणाऱ्या मध्यस्थामार्फत आला असेल, तर मध्यस्थाच्या अहवालात प्रत्येक देणगीदाराची नोंद असते, रक्कम कितीही लहान असो. छोट्या देणगीदारांपर्यंत पोहोचायचा हा चांगला मार्ग आहे. यातच दुप्पट मोजणीचा धोकाही आहे. एकच देणगी मध्यस्थाकडे आणि उमेदवाराकडे अशी दोनदा दिसते, आणि 'मेमो' अशी खूण असलेल्या, म्हणजे फक्त माहितीसाठी दिलेल्या ओळी बेरजेत घ्यायच्या नसतात. फाइल उतरवल्यावर पहिलं काम म्हणजे त्या ओळी बाजूला काढणं.

काय मिळत नाही तेही सांगायला हवं. आव्हान देणारा मतपत्रिकेवर कसा पोहोचला, ते इथे नाही. कनेक्टिकटमध्ये पक्षाच्या अधिवेशनात १५ टक्के प्रतिनिधींचा पाठिंबा लागतो, नाही तर पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांपैकी २ टक्क्यांच्या सह्या. लॅमाँट यांना १९ मे २००६ च्या अधिवेशनात सुमारे ३३ टक्के मिळाले. हरलेल्या उमेदवाराला अपक्ष उभं राहता येतं का, आणि सह्या द्यायची शेवटची तारीख कोणती, हेही राज्याच्या कायद्यात असतं. कनेक्टिकटमध्ये ती तारीख प्रायमरीच्या दुसऱ्या दिवशीची होती, म्हणूनच लिबरमन जुलैपासून सह्या जमवू शकले आणि ९ ऑगस्टला देऊ शकले. हे सगळं कनेक्टिकटच्या सेक्रेटरी ऑफ द स्टेट कार्यालयाकडे पाहा. मतांचे अधिकृत आकडे मात्र आयोग प्रत्येक निवडणुकीनंतर प्रायमरीसकट प्रसिद्ध करतो, त्यासाठी दुसरीकडे जायची गरज नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या लढतींसाठी इथे येऊ नका, तेव्हा हा आयोगच नव्हता.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी. ग्रीन कार्ड असेल तर देणगी देता येते. एच-१बी, विद्यार्थी किंवा अवलंबितांच्या व्हिसावर असाल तर देता येत नाही, रक्कम कितीही छोटी असली तरी. आणि या यादीतली नावं-पत्ते उचलून मंडळाच्या कार्यक्रमासाठी वर्गणी मागणं किंवा काही विकणं बेकायदा आहे. समित्यांना प्रत्येक अहवालात दहापर्यंत खोटी नावं घालायची मुभा आहे, ती याचसाठी. त्या नावावर पत्र गेलं की यादी कुणी वापरली ते कळतं.

गती चांगली आहे, फाइल सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात उघडणाऱ्या स्वरूपात उतरते, आणि प्रोग्रामिंग येणाऱ्यांसाठी मोफत किल्लीवर चालणारा एपीआयही (प्रोग्रामने थेट माहिती घ्यायची सोय) आहे. आयोगात सहा सदस्य असतात आणि निर्णयाला चार मतं लागतात. जागा रिकाम्या राहून २०१९–२० सारखी गणसंख्या तुटली की तक्रारींचे निकाल अडतात, पण अहवाल येत राहतात आणि दिसतही राहतात. पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो सिनेटच्या स्कॅन केलेल्या कागदांसाठी.

पहिल्यांदा वापरणाऱ्यांनी एक संध्याकाळ राखून ठेवावी आणि शेजारी तारखांचा कागद ठेवावा: २९ नोव्हेंबर २००५ चा लेख, २२ फेब्रुवारी २००६ चा इराकमधल्या समारा शहरातल्या मशिदीवरचा स्फोट, १३ मार्च, १९ मे, ३ जुलै रोजी लिबरमन यांनी अपक्ष म्हणून सह्या जमवण्याची केलेली घोषणा, ८ ऑगस्ट. मग लॅमाँट यांच्या समितीच्या जमेच्या ओळी तारखेनुसार लावा आणि एकेक तारीख त्यांवर ठेवून पाहा.