दुर्बीण एक, डोळे सहा : आमच्या ८×४२ चा दोन वर्षांचा अनुभव

मी जंगलात पाहिलेला पहिला वाघ म्हणजे एक हलणारी पट्ट्यापट्ट्यांची चादर. तिला डोकं नाही, शेपूट नाही. वाघ गाडीपासून दहा मीटरवर आरामात रस्ता ओलांडत होता आणि मी डोळ्यांना दुर्बीण लावून बसलेले. गाईड दबक्या आवाजात सारखा म्हणत होता, "मॅडम, दुर्बीण काढा, दुर्बीण काढा!" मला वाटलं, पिशवीतून काढा म्हणतोय. म्हटलं, काढलीच आहे की! डोळ्यांवरून काढायची होती हे लक्षात येईस्तोवर वाघ पलीकडच्या गवतात शिरला. शेपटीचं टोक तेवढं दिसलं. त्या टोकाच्या जोरावर मी दोन वर्षं सगळ्यांना "वाघ पाहिला" म्हणून सांगते आहे.

यात दुर्बिणीचा दोष नाही. तिच्या अंगावरच छापलंय की १००० मीटरवर १२९ मीटर रुंदीचा तुकडा दिसेल. म्हणजे दहा मीटरवर उरला जेमतेम सव्वा मीटर. शेपटीसकट अडीच-तीन मीटरचं जनावर त्यात मावायचं कसं? त्यातून फोकस होता लांबच्या झाडावरल्या घुबडावर.

ही ८×४२, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी, घेताना घरात वाद झाला होता. आकडा मोठा तेवढं जनावर जवळ, असा ह्यांचा हिशेब. त्यामुळे ह्यांना दहाची किंवा बाराची हवी होती. दुकानात ह्यांनी दहाची लावून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला घेतली, तर पाटी वाऱ्यावर असल्यासारखी हलायला लागली. जनावर दहापट जवळ येतं तसा हाताचा कंपही दहापट होतो. जीपमध्ये, चहा न घेता, थंडीने कुडकुडताना तर विचारूच नका. आठची घेतली ते बरंच झालं.

४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला आठने भागलं की सव्वापाच येतात, आणि तेवढ्या रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, आमच्या वयात ती पाचच्या आसपासच घुटमळते. त्यामुळे भल्या पहाटे आम्हाला ही दुर्बीण पुरून उरते. नणंदेने हौसेने खिशात मावणारी ८×२५ आणली होती. तिच्यात उजाडायच्या आधी सगळी हरणं एकाच जांभळट रंगाची दिसत होती, आणि झुडपंही. दुसऱ्या फेरीपासून तिने ती बॅगेत टाकली आणि आमच्या दुर्बिणीवर हक्क सांगितला.

इथून खरा घोळ सुरू झाला. दुर्बीण एक आणि माणसं तीन. आता बघा. माझे डोळे जवळजवळ, ह्यांचे लांब, त्यामुळे दर वेळी मधला सांधा उघडायचा-मिटायचा. ह्यांना चष्मा, म्हणून डोळ्यांशी येणाऱ्या रबरी वाट्या खाली बसवायच्या. मला नाही, म्हणून फिरवून वर काढायच्या. शिवाय उजव्या डोळ्याचा नंबर लावायची एक वेगळी कडी. आधी उजवं भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस लावायचा, मग डावं झाकून उजवीकडची कडी फिरवायची. घरी निवांत बसून हे दोन मिनिटांत होतं. जीपमध्ये "वहिनी, अहो वहिनी, उजवीकडे, त्या वाकड्या झाडाखाली!" चालू असताना होत नाही. माझं सगळं जुळून यायचं त्याच क्षणाला नणंद म्हणायची, "गेलं."

तिसऱ्या फेरीत मी कडीवर नखरंगाचे तीन ठिपके दिले. लाल माझा, गुलाबी नणंदेचा. ह्यांना चंदेरी दिला, त्यावर ह्यांनी काही बोलायचं टाळलं. घरात एकाहून जास्त माणसं बघणार असतील तर हे जरूर करा, माहितीपुस्तिकेत सापडणार नाही.

अस्वलाचं सांगायलाच हवं. पाणवठ्याच्या कडेला ते पाठमोरं बसलं होतं आणि आम्ही तिघांनी पाळीपाळीने त्याला वीस मिनिटं पाहिलं. ह्यांनी ते नर असल्याचं ठरवलं. नणंद म्हणाली, "दादा, श्वास घेतंय बघ, पोट वरखाली होतंय." खरंच होत होतं. मग गाईडने ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली आणि इंजिनाबरोबर अस्वलाचा श्वासही थांबला. जळकं खोड होतं ते. गाईडला पहिल्यापासून ठाऊक असावं, पण तिघं इतकी रमलेली बघून बिचारा गप्प बसला. तेव्हापासून दुर्बीण लावायच्या आधी इंजिन बंद करायला सांगायचं, हा आमचा नियम.

वस्तूत खोटही आहे, आणि ती मोठी आहे : पिशवीचं झाकण. वेल्क्रोच्या चिकटपट्टीचं, ओढलं की चर्र करणारं. एकदा हरणाचा धोक्याचा आवाज आला, मग झाडावरून वानर ओरडलं. गाईडने बोट वर केलं. सगळी गाडी श्वास रोखून बसली. आणि ह्यांनी चर्रर्र करून पिशवी उघडली. मागच्या जीपमधल्या एका बाईंनी ज्या नजरेने पाहिलं, तेवढं जवळून आम्ही त्या फेरीत दुसरं काहीच पाहिलं नाही. जंगलासाठी दुर्बीण बनवणाऱ्यांना पिशवीला दोन बटणं लावायला काय होतं? आता मी ती पिशवी मुक्कामावरच ठेवते.

पट्टाही बारीक आहे. सातशे ग्रॅम ऐकायला काही वाटत नाही, पण चार तासांनी मानेवर वळ उठतो. पाठीवरून घ्यायचा दुहेरी पट्टा वेगळा घेतला. भिंगाच्या रबरी झाकणांपैकी एक माकडाने नेलं, चावून पाहिलं आणि तोंड वाकडं करून फेकलं. ते झाकण अजून वापरतोय, दातांच्या खुणा आहेत.

आत नायट्रोजन भरलाय, धुकं धरत नाही, असं खोक्यावर लिहिलंय. आत धरत नाही हे खरं. पण रात्रभर एसीच्या खोलीत गार झालेली दुर्बीण पहाटे दमट हवेत आणली की बाहेरची काच क्षणात दुधाळ होते, तिला नायट्रोजन काय करणार? त्यात मी ओढणीने खसाखसा पुसली. काचेवर रस्त्याची धूळ होती, ती पॉलिशकागदासारखी फिरली. डाव्या भिंगावर अजून कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन ओरखडे आहेत. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ काढायची आणि मगच कापड लावायचं. आणि निघायच्या अर्धा तास आधी दुर्बीण खोलीबाहेर आणून ठेवायची.

एवढं होऊनही मी पाचपैकी चार देते. एक कापला तो त्या चर्रर्रसाठी.

शेवटच्या फेरीत काहीच दिसलं नाही. विसाव्याला उतरलो तर नणंदेच्या अंगठ्यात काटा शिरला, इतका बारीक की चष्मा लावूनही दिसेना. तेव्हा मी दुर्बीण उलटी धरली. मोठ्या भिंगाला डोळा लावायचा आणि लहान भिंग बोटाच्या अगदी जवळ, नखभर अंतरावर न्यायचं. छान सूक्ष्मदर्शक होतो. अंगठ्यावरच्या रेषा नांगरलेल्या शेतासारख्या दिसल्या आणि मधोमध तो काटा, तिरका, तपकिरी, टोकाशी मोडलेला. सगळ्या सहलीत एवढं स्पष्ट साईटिंग झालं नव्हतं. ह्यांनी पाहिलं, नणंदेने स्वतःचाच काटा डोळे विस्फारून पाहिला. मी चिमटा शोधायला वळले तर मागे गाईड हात पुढे करून उभा.

"मॅडम, मला द्या ना जरा."

कडीवर चौथा ठिपका द्यायला आता रंग कुठला उरलाय ते बघायला हवं.